इस्पितळाच्या धुराचा हिशेब

गेल्या वर्षी आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून कागदपत्रांसाठी मीच सोबत गेलो. आजी आत असताना वीज गेली आणि मागच्या आवारात जनरेटर धडधडू लागला. भिवंडीत मागांचा खडखडाट कानांच्या सवयीचा. पण या धडधडीवर आजीचा डोळा अवलंबून होता! तो काळा धूर पाहून मनात आले, रोगी बरे करणाऱ्या जागेचा धूर कोणी मोजतो का?

मोजतात. त्यासाठी तीन कप्पे करतात. इस्पितळातच जळते ते पहिल्यात. डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. भुलेचा नायट्रस ऑक्साइडही इथेच, आणि तो वजनास वजन सुमारे २७० पट तापदायक! दुसरा कप्पा विकतच्या विजेचा. आपल्याकडे कोळसा फार जळतो, म्हणून युनिटमागे सुमारे ०.७ किलो. बिल हाती असले की एवढा हिशेब मागाच्या कारखान्यातला मेहताजीही करील.

खरी गोम तिसऱ्या कप्प्यात आहे. औषधे, हातमोजे, सुया, त्यांची वाहतूक, शेवटी कचरा. २०१९ साली ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेने जगाचा हिशेब मांडला. एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के, आणि त्यातला ७१ टक्के या तिसऱ्या कप्प्यातला. आमच्या भिवंडीच्या गोदामांतून निघणारे औषधांचे ट्रकही त्यातच आले.

त्या बेरजेत भारत सातवा. माणशी भागाकार केला तर मात्र आपला आकडा अगदी लहान. याचा अभिमान बाळगावा काय? मला तसे वाटत नाही. आजी दोन वर्षे चाचपडत होती, तेव्हा तिच्या नावावर धूर शून्यच होता.

अभिमान वाटावा तो पाँडिचेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या एका मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा हिशेब सुमारे ६ किलो निघाला. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात तो सुमारे १८० किलो होता. अरविंदमध्ये पुष्कळशा वस्तू निर्जंतुक करून पुन्हा वापरतात आणि शस्त्रक्रिया एकामागून एक, वेळ न दवडता होतात. रोग्यांना गुणही उत्तम येतो.

आजीच्या तपासणीला पुन्हा गेलो तेव्हा तिथल्या कारकुनांना भीतभीतच विचारले. त्यांनी वही काढली. त्या दिवशी डिझेल ६ लिटर, डोळे ७. म्हणजे आजीच्या वाट्याला सव्वादोन किलोंच्या आसपास. हातमोज्यांचे विचारले, तर ते म्हणाले, “बाळा, ते येतात आणि जातात, त्यांची वही नाही.”