होम थिएटर : खोक्यावरचे वॅट आणि घरातली वीज

वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) : ‘डॉल्बी’ हा शब्द मराठवाड्यातील गावांना नवा नाही. वरातीत आणि गणेश विसर्जनात ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला येथे सर्रास डॉल्बी म्हणतात. गंमत अशी की, युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून १९६३ ते १९६५ या काळात भारतात राहिलेल्या रे डॉल्बी यांची कीर्ती झाली ती आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तर ध्वनिफितीतील खरखर घटवण्यासाठी. तेच नाव आता घरातल्या होम थिएटर रिसीव्हरवर झळकते, आणि तेथेही ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, ‘वॅट किती?’

रिसीव्हर म्हणजे टीव्ही वा सेट टॉप बॉक्समधून आलेला ध्वनी उलगडून प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा देणारे आणि तो वाजवण्यापुरती शक्ती पुरवणारे यंत्र. ‘५.१’ मधील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला, उजवा आणि श्रोत्याच्या बाजूचे दोन स्पीकर. दशांशानंतरचा एक म्हणजे केवळ खर्जासाठीचा सबवूफर. सर्व काही एकाच खोक्यात येणाऱ्या संचापेक्षा रिसीव्हर महाग पडतो. मात्र त्याला आज दोन स्पीकर जोडून वर्षभराने उरलेले घेता येतात आणि एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बेताच्या उत्पन्नाच्या घरासाठी हा लाभ मोठा आहे.

आता वॅटचे गणित. यामाहाच्या ‘आरएक्स-व्ही ३८५’ या २०१८ मधील प्राथमिक श्रेणीच्या रिसीव्हरची कंपनीनेच दिलेली शक्ती पाहावी. दोन स्पीकर पूर्ण ध्वनिपट्ट्यात वाजत असताना ती प्रत्येकी ७० वॅट. एकच स्पीकर एकाच स्वरावर वाजवला तर १०० वॅट. आणि आवाज १० टक्के विकृत होऊ दिला तर १३५ वॅट. यंत्र एकच, आकडे तीन. पाचही स्पीकर एकदम गर्जू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला ७० वॅटही येत नाहीत. कोणे एके काळी टेपरेकॉर्डरवर ‘२००० वॅट पीएमपीओ’ छापले जाई, त्या मानाने हा प्रकार सभ्यच म्हणायचा.

शिवाय शक्ती दुप्पट केल्याने आवाजात केवळ ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून ७० ऐवजी ९० वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता पाहणे शहाणपणाचे. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो.

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीचे नाव २०२४ मधील ओबीसी आरक्षण उपोषणामुळे राज्यभर पोहोचले. येथे काय किंवा शहराच्या नव्या वसाहतीत काय, रिसीव्हरचा खरा शत्रू वीज हाच आहे. महावितरणने गावठाणाचे आणि शेतीपंपांचे फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केले असले, तरी शेतवस्तीवरचे घर अनेकदा पंपांच्याच वाहिनीवर असते. पंप सुरू होताना दाब खाली जातो, बंद होताना उसळतो. त्यामुळे २३० व्होल्टच्या यंत्राला स्टॅबिलायझर जोडणे ही चैन राहत नाही. इन्व्हर्टर स्वस्तातला ‘स्क्वेअर वेव्ह’ असेल, तर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. ‘साइन वेव्ह’ प्रकारावर हा त्रास नसतो.

वळवाच्या पावसाची गोष्ट याहून गंभीर. ढग गडगडू लागले की लोक टीव्हीची पिन काढतात, पण छतावरच्या डिश अँटेनाची केबल तशीच राहते. विजेचा लोळ जवळपास कोसळला, तर झटका त्या केबलमधून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआय वायरने थेट रिसीव्हरमध्ये शिरतो. यंत्र बाहेरून धडधाकट दिसते. आतला मदरबोर्ड गेलेला असतो. दुरुस्तीची सोय बहुधा जालन्यात वा छत्रपती संभाजीनगरात, आणि बोर्डची किंमत ऐकून अनेकदा नवे यंत्र घेणेच परवडते. तीस-पस्तीस हजारांची वस्तू एका दुपारी भंगारात जाते. पिनबरोबर डिशची केबलही काढून ठेवावी.

उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो, आणि रिसीव्हर मुळातच तापणारे यंत्र आहे. धूळ नको म्हणून त्यावर विणलेला रुमाल घालण्याची घरगुती सवय वरची छिद्रे बंद करते. यंत्राला वरून वीतभर जागा मोकळी हवी. त्या छिद्रांतून पालही आत जाते आणि सर्किटवर मरून शॉर्ट सर्किट करते, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे.

स्लॅबचे छत, फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो, आणि पहिला बळी जातो संवादांचा. उपाय फुकटचा आहे : फरशीवर सतरंजी, मागच्या भिंतीशी गाद्या-गोधड्यांची चळत. पत्र्याच्या घरात सबवूफरने पत्राच वाजतो, तेथे खर्ज कमीच ठेवावा. पाचही स्पीकर लहान असतील, तर मेनूत ‘स्मॉल’ निवडून ८० हर्ट्‌झखालचा ध्वनी सबवूफरकडे पाठवावा आणि मधला स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवावा. संवाद बहुतांशी त्याच्याकडेच असतात. वायरींसाठी महागडी नावे नकोत. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत पुरते. लाल-काळे टोक मात्र कोठेही उलटे जोडू नये, नाहीतर दोन स्पीकरचा खर्ज एकमेकांना खातो.

अमेरिकेतील नातलगाने आणलेला रिसीव्हर फुकट मिळाला, तरी प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचावी. तेथील यंत्र १२० व्होल्टचे असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते येथील सॉकेटला जोडले, तर पहिला आवाज हाच शेवटचा ठरतो.