सनदेआधीची वकिली

कायद्याच्या विद्यार्थ्याला न्यायालयात उभे राहून पक्षकाराची बाजू मांडता येत नाही. त्यासाठी सनद लागते आणि सनद मिळते पदवीनंतर. १९६१च्या अधिवक्ता अधिनियमाने ही हद्द आखून दिली आहे. पण वकिलाचे निम्म्याहून अधिक काम न्यायाधीशांसमोर होतच नाही. माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, पिशवीतल्या कागदांतून कामाचे कागद वेगळे काढायचे, तारखांचा क्रम लावायचा, अर्जाचा मसुदा करायचा. तालुक्याच्या कोर्टात एका दिवशी वीस तारखा सांभाळणाऱ्या वकिलाकडे यासाठीच वेळ नसतो. विद्यार्थ्याकडे तो असतो. विधी महाविद्यालयातले कायदेविषयक सहाय्य केंद्र उभे आहे ते या वेळेच्या भांडवलावर.

या केंद्राला कायद्याचा भक्कम पाया आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत कायदेशीर मदत ही शासनाची जबाबदारी ठरली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट खटल्यात सांगितले की वकील परवडत नसलेल्या कैद्याला तो मिळवून देणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चा. तो ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आला. विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे सुरू व्हावीत, त्यांच्यावर देखरेख असावी, हे त्याच्या चौथ्या कलमातच लिहिले आहे. २०११च्या विनियमांनी पुढचा तपशील भरला. विद्यार्थ्यांनी एखादे दूरचे गाव दत्तक घेऊन तिथे शिबिरे घ्यावीत, अशी सोयही त्यांत आहे.

जालन्यासारख्या जिल्ह्यात या तरतुदींना फार अर्थ आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका समिती, अशी रचना आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. दुष्काळाने पोळलेल्याचे नावही या यादीत आहे. मराठवाड्यात तर हे मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला हवे.

इथले दावेही इथल्या मातीतले. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार भाजतो. तो ठेकेदाराच्या हजेरीवर होता की नव्हता, यावरच भरपाईचे गाडे अडते. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. अशा वेळी गेटपास, मोबाइलवर आलेला पगाराचा मेसेज, दवाखान्याचा पहिला कागद गोळा करून देणारा विद्यार्थी खटल्याचा कणाच उभा करतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाकडून उचल घेतात. हिशेब तोंडी, वाद मात्र पुढे कागदावर. जमिनीचे प्रश्न त्याहून जुने. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. म्हणून मराठवाड्यात कुळवहिवाटीला १९५०चा हैदराबाद कायदा लागू आहे. पश्चिम महाराष्ट्राला समोर ठेवून लिहिलेले १९४८च्या कूळकायद्याचे पुस्तक पाठ केलेला विद्यार्थी ‘संरक्षित कूळ’ म्हणवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर बसला की त्याला अभ्यास नव्याने करावा लागतो.

पोटगीचे एक प्रकरण जवळून पाहू. समजा, बदनापूर तालुक्यातली नवऱ्याने टाकलेली बाई आली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतले पूर्वीचे पोटगीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे आणि देण्याचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. त्याचा शेतकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा आहे: जमीन किती, कोरडवाहू की बागायती, पीक कोणते, वर्षाचे उत्पन्न किती, गाई-म्हशी-शेळ्या किती, शेतीकर्ज किती. नवरा त्यात काय लिहून देईल आणि त्यातले खरे किती, हे तपासायला बाईच्या वकिलाकडे आधीपासून माहिती असावी लागते. ती विद्यार्थी विचारून घेतो.

बाई सांगते, “दोन एकर मोसंबी हाय.” जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण न्यायालयाला झाडांची संख्या, वय आणि पाणी कळायला हवे. शेतकऱ्याच्या घरातली विद्यार्थिनी असेल तर ती पुढचे प्रश्न आपसूक विचारते. बहार आंब्या धरता की मृग? ताण कधी देता? विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का? बाग व्यापाऱ्याला उक्ती देता की जालन्याच्या मार्केटला नेता? मग सातबारा काढला जातो. बाराच्या नमुन्यात मोसंबी लागलेली असते, पण २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. नोंद राहिली आणि झाडे गेली, असेही असू शकते. किंवा उलट, नवरा कोरडवाहू सांगतो आणि शेतात ठिबक चालू असते. बाईला जे ठाऊक आहे ते तारीख, गट नंबर आणि आकड्यांसह अर्जात उतरले की युक्तिवादाला आधार मिळतो.

मसुदा तयार झाला तरी तो विद्यार्थ्याच्या भरवशावर बाहेर जाता कामा नये. चुकलेला गट नंबर किंवा उलटून गेलेली मुदत पक्षकाराला महागात पडते. विद्यार्थ्याला मात्र फार तर गुण कमी मिळतात. म्हणून देखरेख हा या कामाचा प्राण आहे. आपल्याकडची अडचण अशी की पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, म्हणजे त्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही. त्यामुळे केंद्राला दोन पहारेकरी लागतात: मुलाखत कशी घ्यायची, गुप्तता कशी पाळायची हे शिकवणारा प्राध्यापक, आणि मसुदा वाचून, दुरुस्त करून न्यायालयात नेणारा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील. यांपैकी एकाने अंग काढले की केंद्राचा फक्त बोर्ड उरतो.

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची केली आहे. पक्षकाराच्या मुलाखती पाहणे, दिवाणी आणि फौजदारी खटल्यांचे निरीक्षण करून डायरी लिहिणे, याला गुण आहेत. पण मागच्या बॅचची डायरी नव्या अक्षरात उतरवून काढण्याची चाल सर्रास आहे, आणि ओळखीच्या वकिलाचे प्रमाणपत्र मिळवणे कठीण नाही. हे मला फार लागते. विद्यार्थ्याचे नुकसान होतेच, पण त्याच आठवड्यांत त्याने ज्यांचे अर्ज लिहिले असते ती माणसे मोंढ्याच्या कोपऱ्यावर पैसे देऊन कसेबसे अर्ज लिहून घेतात.

मागणी मोठी नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद, अशा प्रत्येक तालुका न्यायालयात आठवडी बाजाराच्या दिवशी दोन विद्यार्थी आणि एक पॅनेलवरचा वकील बसावा. त्या दिवशी गावचा माणूस तसाही तालुक्याला येतो. आलेल्या प्रत्येकाची नोंदवही असावी: कोण आले, काय विचारले, काय सांगितले, कोणत्या वकिलाने तपासले. परीक्षेचे गुण त्या नोंदवहीवर द्यावेत. विद्यार्थी पास होऊन गेला की प्रकरण पुढच्याच्या हाती लेखी सोपवावे, कारण पोटगीची तारीख सेमिस्टर संपल्यावरही पडतच असते.