आवाज न करणारी गोळी रानडुकराला पुरते का?

भोकर तालुक्यात डोंगराकडेच्या शिवारात रात्रीची जागल कुणाला चुकली आहे? भुईमूग भरला, हरभरा घाट्यावर आला, की रानडुकरांचा कळप उतरतो आणि महिन्यांचे कष्ट एका रात्रीत उकरून टाकतो. मग माळ्यावर बसल्या बसल्या बंदुकीच्या गोष्टी निघतात. परदेशात म्हणे आवाज न करणारी गोळी मिळते; कळप न बिथरता एकेक डुक्कर टिपता येते. यात खरे किती, ते पाहू.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. रायफलची नेहमीची गोळी बहुधा याच्या दुपटीहून वेगाने जाते, म्हणून ती जाता जाता स्वतःच कडाडते. गोळी आवाजापेक्षा हळू सोडली तर हा कडाका होत नाही. नळीतला बार मात्र ऐकू येतोच.

पण वेग निम्मा झाला की गोळीचा जोर निम्मा राहत नाही, चौथाईवर येतो. ही तूट भरायला गोळी जड घ्यावी लागते. अमेरिकेतील ‘थ्री हंड्रेड ब्लॅकआउट’ काडतुसात वेगवान गोळी साधारण 8 ग्रॅमची, तर हळू गोळी 14 ग्रॅमपर्यंत असते. तरीही जोर निम्म्याहून कमीच भरतो. शिवाय शिकारी गोळीचे तोंड वेगाच्या धक्क्याने उमलते. हळू गेली तर ती न उमलता आरपार निघून जाते. म्हणून तिकडचे जाणकार कमी वेगातही उमलणारी खास गोळी निवडतात आणि जवळूनच नेम धरतात. एवढे करूनही नेम चुकला, तर जखमी डुक्कर तुरीत शिरते आणि सकाळी खुरपायला गेलेल्या बाईमाणसाच्या अंगावर येते.

आता आपल्याकडचे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 प्रमाणे वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचेच. मटणाचे वाटे घालता येत नाहीत.

खरे सांगायचे तर बाराचा आवाज हा आपला वैरी नाही, राखणदार आहे. आवाजाने कळप पळाला तर पीक वाचते, आणि आपल्याला हवे तेही तेवढेच. तेव्हा मुक्या गोळीच्या नादी लागू नका. नुकसान झाले तर उकरलेले रान तसेच ठेवा, लगेच वनखात्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा. गावठी बॉम्ब तर बांधावर मुळीच ठेवू नका. तो डुक्कर ओळखत नाही. आपला बैल आणि आपले लेकरूही त्याच वाटेने जाते.