पहिला स्वेटर – भाग ४ : आधी चौकोन

साखळी, मुका खांब आणि अर्धा खांब हे तीन टाके आता हातात बसले असतील. लोकर आणली आहे, ५ मिलिमीटरची सुईही आहे, त्यामुळे स्वेटरच्या साखळ्या घालायला हात शिवशिवत असणार. तरी हा आठवडा थांबा. या आठवड्यात फक्त सहा इंचांचा एक चौकोन विणायचा आहे.

आपल्याकडे क्रोशे म्हटलं की दाराचं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचं झाकण. पोलादी बारीक सुई आणि पांढरा सुती दोरा. त्या कामात कुणी चौकोन विणून बघितल्याचं मला आठवत नाही, आणि त्याची गरजही नव्हती. रुमाल अर्धा इंच लहान झाला तर ताटाला फरक पडत नाही. स्वेटर माणसाच्या अंगात जायचा असतो. तिथे अर्धा इंचही कळतो.

मी पहिला स्वेटर वडिलांसाठी विणला तो पुस्तकातले आकडे बघून. चार इंचांत १४ टाके, म्हणून २० इंचांच्या पाठीला ७० टाके, असं त्यात छापलं होतं. मी बिनदिक्कत ७० घातले. माझा हात घट्ट. चार इंचांत माझे १५ टाके बसत होते. एका टाक्याचा तर फरक! पण त्या एका टाक्यानं पाठ साडेअठरा इंचांच्या जरा पुढेच थांबली, पुढचा भागही तेवढाच, आणि घेरात अडीच इंचांहून जास्त कमी पडले. बाबांनी तो घातला, छान झालाय म्हणाले, आणि काढताना डोक्यातून निघेना. दुसऱ्या दिवशी मी सगळा उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड केली, ओली करून खाली वजन बांधून दोन दिवस टांगली, तेव्हा ती पुन्हा सरळ झाली. तीन आठवड्यांचं काम एका चौकोनापायी गेलं.

पुस्तकातला आकडा हा पुस्तक लिहिणाऱ्या बाईच्या हाताचा असतो. तीच लोकर, तीच सुई दोन सख्ख्या बहिणींना दिली तरी विणीत फरक पडतो, कारण डाव्या तर्जनीवरून दोरा किती ओढून घ्यायचा हे ज्याचा त्याचा हात ठरवतो. म्हणून तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

२३ साखळ्या घाला. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब. ओळीच्या शेवटी २१ भरले पाहिजेत. वळताना दोन साखळ्या घालायच्या, पण त्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत. नवशिक्यांचा चौकोन बहुतेक इथेच त्रिकोण होतो, कारण कडेचा टाका दिसत नाही आणि दर ओळीला एकेक गळत जातो. त्यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. परत येताना शेवटचा टाका त्या पिनेच्या जागीच घालायचा. अशा १५ ओळी विणा.

आता चौकोन कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पसरून वाळवा. दोरीवर टांगू नका, ओल्या विणीचं वजन तिलाच खाली ओढतं. अॅक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात नको. उष्णतेनं धागा मऊ पडून चपटा होतो आणि पुन्हा फुलत नाही. वाळल्यावर पट्टी मधोमध ठेवून चार इंच मोजा. कडा मोजू नका, त्या नेहमी ओढलेल्या असतात. १४ टाके आणि १० ओळी आल्या तर माझे पुढचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे चालतील. टाके जास्त आले तर साडेपाचची सुई घ्या, कमी आले तर साडेचारची. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करायला जाऊ नका. दहा ओळींत तो मूळ चालीवर येतो.

आपला स्वेटर म्हणजे चार आयत. छाती ३६ इंच असेल तर चार इंच सैलपणा धरून घेर ४०, म्हणजे पाठ २० इंच, ७० टाके. उंची २२ इंच, ५५ ओळी. बाही १६ इंच रुंद, ५६ टाके. बाहीची लांबी हाताच्या लांबीपेक्षा तीनेक इंच कमी धरायची, कारण रुंद पाठ खांद्यावरून तेवढी खाली उतरते. इथे १७ इंच धरू. गळ्यासाठी ३४ टाके मोकळे सोडून दोन्ही बाजूंचे १८-१८ शिवले की खांदे झाले.

लोकर किती लागेल, तेही हाच चौकोन सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ठेवा. समजा १३ ग्रॅम भरला. चौकोन ३६ चौरस इंचांचा, चारही आयत मिळून १४२४. म्हणजे जवळजवळ ४० चौकोन, ५१५ ग्रॅम. शिवण, काठ आणि काट्याची चूक धरून ६०० ग्रॅम आणा, आणि सगळी एकदमच आणा. गुंड्याच्या लेबलवर रंगाच्या घाण्याचा क्रमांक असतो. महिनाभरानं तोच रंग मागितला तरी घाणा वेगळा निघतो आणि बाही उन्हात वेगळी दिसते.

चौकोन उसवू नका. लेबल त्याला पिनेनं टाचा, मागे सुईचा क्रमांक आणि तुमचे दोन आकडे लिहा. पुढच्या आठवड्यात पाठीच्या साखळ्या घालताना तो शेजारी लागेल.