मनमाडची परिषद आणि कामगार एकजुटीचा प्रश्न

जातीजातींत आणि भाषाभाषांत विभागलेल्या समाजात कष्टकऱ्यांची एकजूट कशी उभी राहावी, या प्रश्नाचा सर्वांत परखड ऊहापोह नाशिक जिल्ह्यातील मनमाड या रेल्वे जंक्शनच्या गावी झाला. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षपदावरून कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, असा या संज्ञेचा अर्थ त्यांनी तेथेच स्पष्ट केला आणि ही वृत्ती सर्वच जातींत मुरलेली असल्याचेही बजावले.

त्याआधी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच जिल्ह्यातील येवल्यात. मनमाडला मात्र चर्चा होती ती रोजीरोटीची. रुळांची देखभाल करणारा अस्पृश्य गँगमन आयुष्यभर गँगमनच राही. त्याला साधे पोर्टरचे काम मिळणेही अवघड होते, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेत असे आणि अस्पृश्याचा घरातला वावर त्याला चालत नसे. मुंबईच्या कापडगिरण्यांत चांगला पगार विणकाम खात्यात होता, परंतु तेथे धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. विटाळाची कल्पना अशी थेट पगारात उतरत होती. अशा वेळी जात विसरून एक व्हा, असे सांगणे म्हणजे खालच्या पायरीवरच्या कामगाराला त्याच्या हक्काच्या पगारावर पाणी सोडायला सांगण्यासारखेच होते, आणि आंबेडकरांचा हा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही.

याचा अर्थ त्यांना एकजूट नको होती, असा मुळीच नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्थापलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, ज्यांच्याशी तीव्र मतभेद होते त्या कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला.

एकजुटीचा हाच प्रश्न आजही कायम आहे. नाशिक शहरातील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार राबतात. त्यांतील अनेक जण ठेकेदारीवर असतात, म्हणजे घाम कारखान्यात गाळतात, पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. ठेकेदार बहुधा ओळखीतून, एकाच मुलखातली माणसे आणतो, त्यामुळे कायम आणि कंत्राटी ही पगारातील दरी पाहता पाहता मराठी आणि परप्रांतीय अशी दिसू लागते. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्धचे आंदोलन पेटले, तेव्हा हजारो कामगार नाशिक सोडून गावी गेले. दगडफेकीत जीव गेला तो मात्र ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधील एका मराठी कर्मचाऱ्याचा.

एकजुटीचा वेगळा मार्गही याच शहराने दाखवला. येथून ६ मार्च २०१८ रोजी किसान सभा या शेतकरी संघटनेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या तालुक्यांतील आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते, आणि कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची खास मागणी कर्जमाफीच्या सर्वसाधारण मागणीआड न दडवता तिच्या बरोबरीने मांडली गेली. सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या या लोकांनी दहावीच्या परीक्षार्थींना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतच पार केला, आणि मुंबईच्या रहिवाशांनी त्यांना पाणी, खाणे, चपला दिल्या.

नाशिकच्या कामगार संघटनांनी मनमाडच्या त्या भाषणाचे वाचन आपल्या सभांतून करावे आणि पगारवाढीच्या पुढच्या करारात पहिले कलम ठेकेदारीवरील कामगारांचे घालावे, मग तो कामगार सिन्नरचा असो की बिहारमधल्या सिवानचा.