ओसरीवरचे पार्सल
शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावात घरे वाड्यावस्त्यांवर विखुरलेली आणि माणसे दिवसभर शेतात. साहजिकच पार्सल आणणारा मुलगा ते ओसरीवर अथवा रस्त्याकडेच्या दुकानात ठेवून पुढे जातो. ते नाहीसे झाले की पहिला संशय मात्र त्या गरिबावरच! रजिस्टर टपालाची तऱ्हा निराळी होती. सही वा अंगठा घेतल्यावाचून पोस्टमन पाकीट हातचे सोडत नसे. 2025 मध्ये ते टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. तथापि मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक सांगितल्यावरच वस्तू देण्याची सोय तेथे आहे. खासगी कंपन्यांनीही मौल्यवान मालाला ही अट सर्वत्र लावावी. (तो अंक फोनवरून सांगून टाकणे मात्र व्यर्थच.) तोवर दुकानदाराने एक वही ठेवून माल नेणाऱ्याची सही घ्यावी, एवढ्यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही.