रिक्वायरमेंट लिहिली, म्हणजे काम झालं?

रिक्वायरमेंट, म्हणजे उत्पादनाने पाळायची अट, सिस्टिममध्ये टाकली की विषय संपला, हा गैरसमज फार महागात पडतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळापाशी पोहोचलं आणि नष्ट झालं. थ्रस्टरचे आकडे न्यूटन-सेकंदांत द्यायचे, हे इंटरफेसच्या दस्तऐवजात लिहिलेलं होतं. लॉकहीड मार्टिनच्या जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने ते पाउंड-सेकंदांत दिले, म्हणजे दर आकड्यात 4.45 पटींचा फरक. यानाचा मार्ग आखणाऱ्यांना शंका आली होती, पण ती रीतसर नोंदवली गेली नाही. अट कागदावर होती. सॉफ्टवेअर त्या अटीवर नीट तपासलंच नव्हतं.

डोअर्स, जामा, पोलारियन ही रिक्वायरमेंट सांभाळायची सॉफ्टवेअर टूल्स नेमकं हेच, अट आणि तपासणी यांचं नातं, सांभाळतात. समजा, अट क्रमांक 214: 'ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा 100 मिलिसेकंदांत लागावा.' तिला वर ग्राहकाची मागणी जोडलेली, खाली डिझाइन आणि टेस्ट केस. कुणी 100 चे 80 केले की जोडलेल्या प्रत्येक टेस्टवर 'पुन्हा पाहा' अशी खूण येते. चाचणी करणाऱ्याला बैठकीची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते पैसे मोजायचे ते या एका खुणेसाठी.

एक्सेल वाईट नाही; चार जणांच्या कामाला ते पुरतं. पण त्यात ही खूण आपोआप येत नाही, आणि मेलवरून प्रती फिरू लागल्या की कोणती खरी हेच कळेनासं होतं.

सॉफ्टवेअर बनवण्याच्या अजाइल पद्धतीत रिक्वायरमेंट लिहायच्याच नसतात, असंही बरेच जण ठामपणे सांगतात. 2001 च्या अजाइल जाहीरनाम्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर दस्तऐवजांपेक्षा जास्त महत्त्व दिलं, इतकंच. दस्तऐवजांनाही मोल आहे, हे त्यातच म्हटलंय.

राहिला प्रश्न सगळ्यांनी एकच टूल घेण्याचा. त्याची गरज नाही. जर्मन वाहन उद्योगातून पुढे आलेला रेक-आयएफ हा रिक्वायरमेंटच्या देवाणघेवाणीचा फाइल-फॉरमॅट 2011 मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपचं मानक झाला. जर्मनीतली कंपनी डोअर्समधून फाइल पाठवते, पुण्यातला पुरवठादार ती पोलारियनमध्ये उघडतो, प्रत्येक अटीपुढे 'मान्य' किंवा 'खुलासा हवा' असं लिहून परत धाडतो. मात्र कोणता रकाना कुणी बदलायचा, हे पहिली फाइल जाण्याआधी दोन्ही टीमनी बसून ठरवावं लागतं. टूल ते ठरवून देत नाही.